वाचकांचे प्रश्न : सुव्यवस्था, न्याय आणि दाद मागण्याची वाट

प्रश्न : मी विधी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘सुव्यवस्था आणि न्याय’ या विषयावर आम्हाला निबंध लिहायचा होता. मी प्रथम प्रबळ सत्तेचा पुरस्कार करणारा इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्ज याच्यापासूनचे सुव्यवस्थेच्या बाजूचे मुद्दे मांडले, नंतर माणसाने केलेल्या कायद्याच्या वरही न्यायाची तत्त्वे असतात असे मानणाऱ्या नैसर्गिक कायद्याच्या परंपरेतील न्यायाची बाजू मांडली आणि शेवटी ‘सुव्यवस्थेशिवाय न्याय टिकत नाही व न्यायाशिवाय सुव्यवस्था टिकत नाही, म्हणून दोहोंत समतोल साधला पाहिजे’ असा निष्कर्ष काढला. प्राध्यापकांनी समासात एवढेच लिहिले : ‘समतोल कोणी साधायचा, आणि तोवर कोणी थांबायचे?’ गुण बरे मिळाले, पण त्या शेऱ्याला काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही. निबंध पुन्हा लिहायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : आपले शेवटचे वाक्य खोटे नाही. अडचण अशी आहे की ते कोणत्याही निकालपत्राखाली लिहिता येते आणि निकाल नेमका उलटा लागला असता तरी ते तेथे तसेच शोभले असते. ज्या विधानाने कोणाचा दावा पडतही नाही आणि टिकतही नाही, ते कायद्याच्या निबंधात निष्कर्ष म्हणून चालत नाही. प्राध्यापकांनी नेमके तेथेच बोट ठेवले आहे, आणि त्यांच्या शेऱ्यातला दुसरा अर्धा भाग, म्हणजे थांबण्याचा, हाच मला निबंधाचा खरा विषय वाटतो.

सुरुवात तत्त्वज्ञांपासून न करता एखाद्या खटल्यापासून करावी, आणि असा खटला घ्यावा ज्यात दोन्ही बाजूंना काही म्हणण्यासारखे आहे. मी स्वतः हा विषय शिकवताना ‘वॉकर विरुद्ध बर्मिंगहॅम शहर’ हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १९६७ चा निकाल घेत असे. १९६३ च्या एप्रिलमध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात वंशभेदाविरुद्ध निदर्शने चालू होती. शहराच्या नियमानुसार मोर्चाला परवाना लागे. तो नाकारण्याची कारणे म्हणून लोककल्याण, शांतता, सुरक्षितता, आरोग्य, सभ्यता, सुव्यवस्था, नीती किंवा सोय अशी यादी नियमात दिलेली होती, म्हणजे नाकारणाऱ्याला कारण शोधण्याचे कष्टही पडू नयेत अशी ती रचना होती. परवान्याची चौकशी करणाऱ्याला शहराचे सुरक्षा आयुक्त बुल कॉनर यांनी, परवाना तर मिळणार नाहीच, उलट तुमची रवानगी तुरुंगात करीन, अशा आशयाचे उत्तर दिले. १० एप्रिलच्या रात्री शहराने राज्य न्यायालयातून एकतर्फी मनाई हुकूम मिळवला. विरुद्ध पक्षाला नोटीस नव्हती आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले नव्हते. हुकमाचा मजकूर बव्हंशी शहराच्या त्या नियमावरच बेतलेला होता. मोर्चे ठरले होते १२ एप्रिलला, म्हणजे गुड फ्रायडेला, आणि १४ एप्रिलला, म्हणजे ईस्टरच्या दिवशी. ते निघाले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह आठ कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल प्रत्येकी ५ दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला.

सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी ही शिक्षा कायम केली. न्यायमूर्ती पॉटर स्ट्युअर्ट यांनी बहुमताचा निकाल लिहिला. परवान्याचा नियम घटनाबाह्य असू शकेल आणि मनाई हुकूमही जास्त व्यापक असू शकेल, हे त्यांनी नाकारले नाही. त्यांचे म्हणणे इतकेच होते की हुकूम चुकीचा वाटत असेल तर तो रद्द करून घेण्यासाठी आधी न्यायालयात जावे, कारण आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश होता येत नाही. पुढे १९६९ मध्ये ‘शटल्सवर्थ विरुद्ध बर्मिंगहॅम’ या खटल्यात परवान्याचा तोच नियम आणि गुड फ्रायडेचा तोच मोर्चा पुन्हा त्याच न्यायालयापुढे आला. या वेळी प्रश्न होता विनापरवाना मोर्चाबद्दलच्या फौजदारी शिक्षेचा. नियम ज्या शब्दांत लिहिला होता त्या शब्दांत तो घटनाबाह्य ठरला, शिक्षा रद्द झाली, आणि हाही निकाल स्ट्युअर्ट यांनीच लिहिला. म्हणजे ज्याने नियम मोडला तो सुटला आणि ज्याने त्याच नियमावर बेतलेला न्यायाधीशाचा हुकूम मोडला त्याने कैद भोगली. शटल्सवर्थ हे त्या आठ धर्मोपदेशकांपैकीच एक, त्यांच्यावर तर दोन्ही खटले झाले होते.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की बहुतेक विद्यार्थी लगेच म्हणतात, ‘पहिल्यात सुव्यवस्था जिंकली, दुसऱ्यात न्याय.’ येथेच थोडे थांबावे. पहिल्या निकालातील सुव्यवस्था बुल कॉनर यांची नाही. ती प्रक्रियेची आहे : तंटा रस्त्यावर न सोडवता न्यायालयात सोडवायचा आणि न्यायालयाचा हुकूम, तो उठेपर्यंत, पाळायचा. ही सुव्यवस्था किरकोळ नव्हे. १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे ९ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत प्रवेश मिळू नये म्हणून खुद्द राज्यपाल आडवे आले, तेव्हा पुढच्याच वर्षी ‘कूपर विरुद्ध ॲरन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या अधिकाऱ्यांना बजावले की न्यायालयाने लावलेला घटनेचा अर्थ तुम्हाला बांधील आहे, तो पटो वा न पटो. त्या मुलांच्या बाजूने उभी राहिली ती हीच सुव्यवस्था, आणि किंग यांना तुरुंगात धाडणारीही हीच. निबंधात ही गोष्ट आली नाही, तर सुव्यवस्था म्हणजे पोलिसांची काठी आणि न्याय म्हणजे पीडितांची हाक, अशी सोपी वाटणी होते आणि परीक्षक कंटाळतो.

मग निकाल फिरतो कोठे? बहुमताच्या निकालातच एक कबुली आहे, आणि माझ्या मते सगळा निबंध तिच्यावर उभा करता येईल. स्ट्युअर्ट म्हणतात की हुकूम मोडण्यापूर्वी या लोकांनी अलाबामाच्या न्यायालयात त्याला आव्हान दिले असते आणि तेथे दिरंगाई किंवा टाळाटाळ वाट्याला आली असती, तर प्रकरणाचे स्वरूप अगदी वेगळे झाले असते. म्हणजे हुकूम पाळण्याचे कर्तव्य बिनशर्त आहे, असे बहुमतही म्हणत नाही. दाद मागण्याची वाट उघडी असेल, आणि ती वेळेत कोठेतरी पोचत असेल, तरच सुव्यवस्थेला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार आहे, ही अट दोन्ही बाजूंना मान्य आहे. मतभेद आहे तो ती वाट बर्मिंगहॅममध्ये त्या आठवड्यात खरोखर उघडी होती काय, याबद्दल. पाच न्यायमूर्तींना हुकूम आणि मोर्चा यांमधला दोन दिवसांचा अवधी पुरेसा वाटला. मुख्य न्यायमूर्ती वॉरन, डग्लस, ब्रेनन आणि फोर्टास या चौघांना तो तसा वाटला नाही. गुड फ्रायडेचा मोर्चा जूनमध्ये काढून त्याचा अर्थ तोच राहत नाही, आणि एकतर्फी हुकूम देऊन नेमका दिवस टाळता येत असेल तर भाषणस्वातंत्र्य कागदावरच राहते.

आपल्या प्राध्यापकांच्या शेऱ्याचे उत्तर याच अंगाने जाते. थांबण्याची किंमत दोन्ही पक्षांना सारखी पडत नाही. शहराला थांबण्यात काहीच गमवायचे नव्हते, कारण मोर्चा न निघणे हेच त्याला हवे होते. १६ एप्रिल १९६३ च्या आपल्या तुरुंगातील पत्रात किंग यांनी संयमी गोऱ्या माणसांवर जो ठपका ठेवला आहे, त्याचे कारण हेच : तणावाचा अभाव म्हणजे शांतता, असे ही माणसे समजतात आणि दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचे वेळापत्रक आपण ठरवू पाहतात. हे पत्र निबंधात उद्धृत करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. करावे, पण निकालातील कबुलीच्या शेजारी ठेवून करावे. नुसते उद्धृत केले की ते भाषण होते, युक्तिवाद होत नाही.

एकदा ही कसोटी हाती आली की ती दुसऱ्या टोकाच्या प्रकरणावर घासून पाहावी. २५ जून १९७५ रोजी भारतात आणीबाणी जाहीर झाली आणि दोन दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांखालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित झाला. ‘एडीएम जबलपूर’ या प्रकरणात स्थानबद्धांना बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे अटकेची वैधता न्यायालयाने तपासावी असा, अर्ज करता येईल काय, हा प्रश्न होता. पोलीस अधिकाऱ्याने व्यक्तिगत वैरातून कोणाचा जीव घेतला तर काही उपाय आहे काय, असे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी सुनावणीत विचारले. महान्यायवादी निरेन डे यांनी उत्तर दिले की आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी ४ विरुद्ध १ मतांनी सरकारचे म्हणणे मान्य झाले. एकटे खन्ना विरोधात गेले. पुढील जानेवारीत ज्येष्ठता डावलून न्यायमूर्ती बेग यांना सरन्यायाधीश नेमले गेले आणि खन्नांनी राजीनामा दिला. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले, आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात ‘जबलपूर’ स्पष्ट शब्दांत मोडीत निघाला.

बर्मिंगहॅममध्ये वाट अरुंद होती की बंद, याबद्दल शहाण्या माणसांत वाद होऊ शकतो. जबलपूर प्रकरणात वाट बंद करणे हाच आदेशाचा हेतू होता. म्हणून पहिल्या खटल्यात आपण बहुमताच्या बाजूने लिहिलेत तरी निबंध चांगला होऊ शकतो, दुसऱ्यात मात्र ते फार कठीण आहे. नवा मसुदा या दोन प्रकरणांमधल्या अंतराबद्दल असावा. हॉब्जला एक परिच्छेद पुरे. ‘समतोल’ हा शब्द पहिल्या मसुद्यात वापरायचाच नाही, असे बंधन स्वतःवर घालून पाहा. त्याच्या जागी दर वेळी काय लिहावे लागते, हे पाहिले की आपले मत आपल्यालाच कळू लागते.

प्रश्न : मी न्यायसेवेतून निवृत्त झालो आहे. माझ्या मते न्यायाधीशाने कायदा लावावा. न्याय काय, हे प्रत्येक न्यायाधीश स्वतः ठरवू लागला तर पक्षकाराने कशाच्या भरवशावर वागावे? तरीही विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘अन्यायी कायदा हा कायदाच नव्हे’ हे वाक्य सर्रास दिसते. हे धोक्याचे नाही काय?
— एक माजी न्यायाधीश

उत्तर : आपली भीती रास्त आहे, आणि ते वाक्य विद्यार्थी ज्या सहजतेने लिहितात तितके ते सहज नाही. जर्मन विधिज्ञ गुस्ताव राडब्रुख यांनी १९४६ मध्ये मांडलेले सूत्र बहुतेक वेळा अर्धेच सांगितले जाते. राडब्रुख वायमार प्रजासत्ताकात, म्हणजे नाझींच्या आधीच्या जर्मनीत, न्यायमंत्री होते आणि १९३३ मध्ये नाझींनी त्यांना अध्यापकपदावरून काढले. इतके सोसूनही त्यांच्या सूत्राचा पहिला भाग आपल्याच बाजूचा आहे : कायदा अन्यायी असला तरी सामान्यतः तोच लागू होईल, कारण निश्चिततेलाही स्वतःचे मूल्य आहे. अपवाद दोनच. अन्याय असह्य कोटीला पोचला तर कायदा मागे सरतो, आणि समानतेचा हेतुपुरस्सर बळी दिलेला असेल तर तो मुळात कायदाच नसतो. विद्यार्थी हा अपवाद नियम म्हणून लिहितात.

१९५८ मध्ये इंग्रज विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट आणि अमेरिकी विधितत्त्वज्ञ लॉन फुलर यांच्यात गाजलेला वाद झाला, त्यातले उदाहरणही आठवण्यासारखे आहे. एका जर्मन स्त्रीने नवऱ्याचा काटा काढण्यासाठी, रजेवर घरी आलेला असताना तो हिटलरविरुद्ध काय बोलला हे १९४४ मध्ये अधिकाऱ्यांना कळवले. त्याला मृत्युदंड झाला, पण प्रत्यक्षात त्याला आघाडीवर धाडण्यात आले. युद्धानंतर तिच्यावर खटला चालला आणि ती दोषी ठरली. हार्ट यांचे म्हणणे असे की तिला शिक्षा करायचीच तर उघडपणे पूर्वलक्षी कायदा करून करावी आणि त्यात काय गमावले जाते हेही कबूल करावे, तेव्हाचा कायदा कायदाच नव्हता असे म्हणून प्रश्न झाकू नये. फुलर यांनी उलट विचारले की जेथे गुप्त कायदे होते, पूर्वलक्षी फर्माने होती आणि न्यायालये स्वतःचे नियमही पाळत नव्हती, तेथे आदर राखावा अशी सुव्यवस्था तरी होती काय? माझा कल फुलर यांच्याकडे आहे, पण हार्ट यांचा प्रामाणिकपणाचा आग्रह सोडवत नाही.

आपल्या परिचयाचे उदाहरण घ्यायचे तर १८ मार्च १९२२ ला अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे चाललेला गांधीजींचा राजद्रोहाचा खटला आहे. गांधीजींनी गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाला दोनच मार्ग सांगितले : कायदा वाईट वाटत असेल तर राजीनामा द्या, चांगला वाटत असेल तर जास्तीत जास्त शिक्षा द्या. ब्रूमफील्ड यांनी तिसरा मार्ग घेतला. आरोपी सामान्य कोटीतला नाही हे मान्य करून, लोकमान्य टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेचा दाखला देत त्यांनी ६ वर्षांची साधी कैद दिली आणि पुढे सरकारला ती कमी करता आली तर माझ्याइतका आनंद कोणालाही होणार नाही, असे निकालातच म्हटले. कायदा लावला, पण त्यामागे स्वतःला लपवले नाही. येथे टिळक आणि गांधीजी यांच्यातला फरकही ध्यानात घ्यावा. टिळकांनी ज्यूरीचा कौल विरुद्ध जाऊनही आपण निर्दोष असल्याचे बजावले, म्हणजे त्यांनी कायद्याच्या चौकटीत उभे राहून निकाल नाकारला. गांधीजींनी निकाल स्वीकारून चौकट नाकारली. एकाच कलमाखाली, एकाच मुदतीच्या शिक्षेसमोर या दोन वेगळ्या भूमिका आहेत, आणि निबंधांत त्या एकाच ओळीत कोंबलेल्या दिसतात, हे मला खटकते.

प्रश्न : निबंधस्पर्धेसाठी लिहीत आहे. ‘सुव्यवस्था’ या संज्ञेची कोणती व्याख्या घ्यावी?
— एक स्पर्धक

उत्तर : शब्दकोशातील घेऊ नये. डॉ. राममनोहर लोहिया यांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल वाचावा. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तीन समकेंद्री वर्तुळे कल्पिली : सर्वांत बाहेर कायदा व सुव्यवस्था, तिच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था आणि सर्वांत आत राज्याची सुरक्षितता. बाहेरच्या वर्तुळात जे घडते ते सगळे आतल्या वर्तुळाला धक्का देतेच असे नाही. दोन माणसांच्या मारामारीसाठी विनाचौकशी स्थानबद्धतेचे हत्यार उपसता येत नाही. लोहियांचा स्थानबद्धता आदेश बाहेरच्या वर्तुळाचा हवाला देत होता, ज्या नियमाखाली तो काढला होता त्याला मात्र दुसरे वर्तुळ अभिप्रेत होते, आणि न्यायालयाने त्यांची सुटका केली. कोणते वर्तुळ, हे सांगितल्याशिवाय निबंधात हा शब्द वापरू नये.

प्रश्न : मी एका परिचिताला हातउसने पैसे दिले होते. वकील म्हणतात की मुदत टळली, आता दावा चालणार नाही. पैसे दिल्याचे तो तोंडावर कबूल करतो. माझे घेणे खरे आहे, हे सर्वांना ठाऊक असताना कायद्याने दार लावून घ्यावे, हा सुव्यवस्थेसाठी न्यायाचा बळी नव्हे काय?
— एक वाचक

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल, तर अशा पैशांसाठी १९६३ च्या मुदत कायद्याखाली साधारणतः पैसे दिल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो, आणि समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी कलम ३ प्रमाणे न्यायालयाने दावा काढून टाकायचा असतो. मात्र हा बळी आंधळेपणाने दिलेला नाही. साक्षीदार विसरतात, कागद हरवतात, आणि वीस वर्षांनी आलेल्या खोट्या दाव्यापुढे खरा माणूसही हतबल होतो, हे त्यामागचे कारण आहे. शिवाय ज्याला दाद मागताच आली नाही त्याच्याविरुद्ध हा कायदा घड्याळ चालवत नाही. कलम ६ खाली अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीची मुदत ती सज्ञान झाल्यावर मोजली जाते, आणि कलम १७ खाली फसवणूक झाली असेल तर ती उघडकीस आल्यापासून, किंवा योग्य दक्षता घेतली असती तर उघडकीस येऊ शकली असती तेव्हापासून. आपल्याला तीन वर्षे वाट मोकळी होती, आणि आपल्या पत्रावरून दिसते की ती संकोचामुळे वापरली गेली नाही.

तरीही एक गोष्ट वकिलांना विचारून पाहा. मुदत टळल्याने दावा लावण्याचा उपाय जातो, कर्ज नाहीसे होत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी आणि सहीचे वचन, वेगळा मोबदला नसतानाही, वैध करार ठरते. तोंडी कबुलीने हे साधत नाही, आणि ‘मी देणे लागतो’ एवढी नुसती लेखी कबुलीही आता पुरणार नाही, कारण तशी कबुली कलम १८ खाली मुदत संपण्यापूर्वी यावी लागते. ‘मी ही रक्कम फेडीन’ असे वचन हवे. परिचित तोंडावर कबूल करतोच आहे, तर तेवढे कागदावर लिहून द्यायला तो तयार आहे काय, हे आधी पाहावे.